शांतताही मोजा!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा अडखळतं, सांभाळून घ्या. त्यात विषय रुक्ष. ॲप्लिकेशन परफॉर्मन्स मॉनिटरिंग, म्हणजे एपीएम. वेबसाइट किती वेळात उत्तर देते, किती एरर येतात, हे सतत मोजून आलेख दाखवणारं आणि गडबड झाली की अलार्म देणारं सॉफ्टवेअर. मिनी प्रोजेक्टसाठी मी त्यातलं प्रोमेथियस वापरतेय.

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरहून धाकट्या भावाचा फोन आला. प्रवेशाच्या एका पोर्टलवर त्याचा फॉर्म पुढेच जाईना. "ताई, तीनदा ओटीपी आला आणि तीनदा रेंज गेली." हेल्पलाइनवाले म्हणाले, आमच्याकडे सगळं नॉर्मल दिसतंय. तेव्हा खूप राग आला होता. आता वाटतं, तो माणूस खोटं बोलत नसणार. त्याचा आलेख खरंच हिरवा असेल. कारण हे सॉफ्टवेअर मुख्यतः सर्व्हरपर्यंत पोहोचलेल्या रिक्वेस्ट मोजतं. जी वाटेतच मेली, ती त्याच्या हिशेबात नाहीच.

१६ जुलै २०२१ ला दहावीच्या निकालाची वेबसाइट कोसळली, ते साऱ्या महाराष्ट्राला कळलं. लाखो मुलं एकदम तिच्यावर तुटून पडली होती. सहाच दिवसांनी, २२ जुलैला, महाड पुरात बुडालं. वीज गेली, फोन बंद पडले. त्या दिवशी महाडच्या लोकांचा आलेख कुणी पाहिला असता तर? लोड कमी, एरर कमी. म्हणजे सगळं उत्तम!

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एस.टी. बसेस गेल्या. ती बातमी कुठल्या यंत्राने दिली नाही. जवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं, की पुलावर गेलेल्या गाड्या दिसेनाशा होताहेत. त्याने कळवलं. एपीएममध्ये मला नेमका हा माणूस हवाय.

म्हणजे काय, तर एरवी या वेळी या तालुक्यातून किती लोक येतात ते सॉफ्टवेअरने लक्षात ठेवावं आणि आकडा अचानक घसरला तर अलार्म द्यावा. प्रोमेथियसमध्ये ॲबसेंट नावाचं फंक्शन आहे, पण ते मोजमाप पूर्ण नाहीसं झालं तरच बोलतं. शंभराचे चार झाले तर गप्प. शिवाय आयपी ॲड्रेसवरून तालुका नीट कळत नाही, इथला मोबाईल पुष्कळदा मुंबईत दिसतो. म्हणून नोंदणीतला पिनकोड घ्यावा. महाड ४०२३०१, पोलादपूर ४०२३०३.

यावर रूममेट म्हणाली, "गणपतीत तुझा अलार्म वाजतच बसेल." बरोबर आहे. पण गणपतीत माणगावही शांत असतं. एकटं महाड गप्प झालं तर मात्र कुणीतरी फोन करून विचारावं.

दुसरं, फसलेला प्रयत्न फोनमध्येच साठवून रेंज आल्यावर कळवावा. क्रोममध्ये अशी सोय आहे, पण वेबसाइटवाल्यांनी ती चालू करावी लागते. आणि ती सरासरी एकदाची बंद करा. मुंबईच्या नव्वद जणांच्या वेगात आमचे दहा जण बुडून जातात.

असो. तालुक्याचा नियम मी प्रोजेक्टमध्ये लिहायला घेतलाय, पण डेटा नाही. लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये एक वही ठेवली आहे. कुठला फॉर्म, कुठल्या गावाहून, किती वाजता अडकला, तेवढं लिहा. बॉईज होस्टेलसाठी दुसरी वही न्यायला कुणीतरी या.