बोटीतील जागा कोणाची?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागरात, आउटर हेब्रिडीज नावाची द्वीपमालिका आहे. तिच्या दक्षिण टोकाजवळ बॅरा हे बाराशेच्या आसपास लोकवस्तीचे बेट आहे. विलायतेत राहणाऱ्या अथवा तिकडे मुलाबाळांकडे जाणाऱ्या वाचकांपैकी कोणी या बेटाचा बेत आखू लागला, तर दोन-तीन वेळापत्रके समोर ठेवूनच त्यास आरंभ करावा लागतो. ती वेळापत्रके प्रशासनाच्या अभ्यासकाने वाचावीत अशी आहेत.

प्रथम विमान. ग्लासगोहून ते सव्वा तासाच्या आत बॅराला पोहोचते. मात्र तेथे बांधलेली धावपट्टीच नाही. ट्राय व्होर नावाच्या विस्तीर्ण पुळणीवर विमान उतरते. वाळूत खांब रोवून तीन धावपट्ट्यांची टोके दर्शविली आहेत आणि भरतीच्या वेळी त्या तिन्ही समुद्राखाली जातात. १९३६ पासून हा क्रम चालू आहे. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे विमानाचे वेळापत्रकही ओहोटीच्या मागे फिरते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्या कोकणी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. विमाने नसतील तेव्हा स्थानिक लोक याच पुळणीवर शिंपले वेचतात. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी फडकत असेल तर विमानतळ चालू आहे असे समजून दूर राहायचे, इतका साधा नियम आहे.

एकोणीस आसनांच्या या विमानसेवेतून कोणा कंपनीला केवळ तिकिटांवर नफा मिळणे शक्य नाही. सरकार या मार्गास सार्वजनिक सेवेचे बंधन लागू करते, निविदा मागविते व तूट भरून देते. कंत्राट मुदतीचे असते, पण मुदत संपली की पुन्हा निविदा निघते. बेटाची गरज संपली असे कोणी गृहीत धरीत नाही. आपल्या ‘उडान’ योजनेच्या मूळ आराखड्यात अर्थसाहाय्य तीन वर्षांपुरते होते. तेवढ्या अवधीत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, ही अपेक्षा अनेक ठिकाणी फोल ठरली आणि कित्येक मार्ग मुदतीपूर्वीच बंद पडले. काही मार्ग कधीच स्वावलंबी होणार नाहीत, हे आरंभीच मान्य करणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

तथापि माझा मुख्य विषय बोटीचा आहे. ओबान बंदरातून निघालेली कॅलेडोनियन मॅकब्रेन या सरकारी मालकीच्या कंपनीची बोट सुमारे पावणेपाच तासांनी कॅसलबेला पोहोचते. खाडीत मधोमध किसिमुलचा किल्ला उभा आहे; बोटीतून त्याचे जे दर्शन घडते ते विमानाने जाणाऱ्यास लाभत नाही. २००८ पासून या मार्गाचे भाडे एका विशेष तत्त्वावर आकारले जाऊ लागले. तेवढेच अंतर रस्त्याने कापण्यास जो खर्च येईल, त्याच्याशी बोटीचे भाडे जोडावयाचे, असे ते तत्त्व. समुद्र हाही रस्ताच, ही त्यामागची कल्पना मला अत्यंत न्याय्य वाटते. तिच्या अंमलबजावणीत मात्र एक भेद विसरला गेला. स्वस्त भाडे सर्वांना मिळाले: बेटवासीयांना आणि उन्हाळी पाहुण्यांनाही.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते की, पुरवठा स्थिर ठेवून किंमत उतरविली तर वाटप रांगेने होते. येथील रांग आगाऊ आरक्षणाची आहे. पर्यटक जुलैची सहल जानेवारीत ठरवितो. बेटावरील माणसाला मुख्य भूमीवरील रुग्णालयाची तारीख, नातलगाचे अंत्यसंस्कार किंवा बिघडलेल्या यंत्राचा भाग यांची सूचना सहा महिने आधी मिळत नाही. तो आरक्षणास जातो तेव्हा वाहनांचा मजला भरलेला असतो. ज्याच्यासाठी अनुदान दिले, तोच धक्क्यावर उरतो.

पुरवठा वाढवावा म्हटले, तर ती कथा आणखी क्लेशकारक आहे. २०१५ मध्ये क्लाइड नदीकाठच्या एका कारखान्यास दोन नौकांचे ९७ दशलक्ष पौंडांचे कंत्राट देण्यात आले. कारखाना डबघाईस येऊन २०१९ मध्ये सरकारच्या ताब्यात गेला आणि २०१८ मध्ये अपेक्षित असलेली पहिली नौका, ग्लेन सॅनॉक्स, २०२५ च्या जानेवारीत अ‍ॅरन बेटाच्या मार्गावर सेवेत आली. दरम्यान जुन्या नौका राबत राहिल्या. त्यांपैकी एकीने सेवेची चाळीस वर्षे ओलांडली. २०२३ च्या जून महिन्यात नौकांच्या तुटवड्यामुळे बॅराच्या शेजारच्या साउथ युइस्ट बेटाची लॉखबॉइसडेल येथील सेवा जवळजवळ महिनाभर बंद ठेवली गेली. शेकडो रहिवाशांनी आपली वाहने घेऊन बंदरावर निदर्शने केली. सहलीचा बेत हुकलेल्यांची ती चिडचिड नव्हती. एका समाजाचा महामार्ग बंद पडला होता.

बेटाची उपजीविका पर्यटनावर अवलंबून आहे, पाहुण्यांना महाग केले तर खानावळी ओस पडतील, असा प्रतिवाद होतो, आणि तो खोटा नाही. परंतु टंचाई बहुधा माणसांच्या जागेची नसून मोटारींच्या जागेची असते. म्हणून पायी प्रवाशाचे भाडे सर्वांसाठी स्वस्तच असावे. बाहेरून येणाऱ्या मोटारीला, विशेषतः राहण्याची सोय असलेल्या अवजड गाडीला, ऐन हंगामात पूर्ण मोल पडावे. आणि थोडी जागा शेवटच्या आठवड्यापर्यंत रहिवाशांसाठी राखून ठेवावी. राखीव जागेचे प्रयोग काही मार्गांवर झालेही आहेत. हेब्रिडीजच्या विमानप्रवासात कित्येक मार्गांवर रहिवाशांना निम्मी सवलत मिळते, ती परगावच्या पाहुण्यास मिळत नाही. हवेत जे चालते ते पाण्यावर का चालू नये? आपल्याकडे अंदमान आणि लक्षद्वीपच्या जहाजांवर बेटवासी व इतर यांचे भाडे वेगवेगळे असते. तेथे ओळखपत्रांचा गैरवापर होतच नसेल असे मी म्हणणार नाही. पण तत्त्व बरोबर आहे.

जाणाऱ्याने आपल्यापुरता हा प्रश्न सोडवावा. मोटार ओबानलाच ठेवावी. बॅराला वळसा घालणारा रस्ता सुमारे वीस किलोमीटरचा आहे. बहुतेक ठिकाणी एकेरी, समोरच्या वाहनास वाट देण्यासाठी जागोजागी रुंद केलेला. त्यावर बस फिरते, मात्र रविवारी तिच्यावर विसंबू नये. सायकल बोटीवर विनामूल्य नेता येते. दक्षिणेकडील व्हॅटर्से बेट १९९१ पासून बांधाने जोडलेले आहे, आणि तेथून थेट उत्तर टोकापर्यंत २९७ किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. उत्तरेस एरिस्केला जाणारी छोटी बोट चाळीस मिनिटांत पोहोचविते. तेथून पुढे साउथ युइस्टपर्यंत २००१ मध्ये बांध झाला आहे. किराणा मात्र बेटावरच घ्यावा. ओबानच्या मोठ्या दुकानातून पिशव्या भरून नेणारा पाहुणा अनुदान घेऊन जातो आणि बेटावर काहीच ठेवून येत नाही.

परतीचे विमान वा बोट वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते, म्हणून ग्लासगोहून पुढचा प्रवास त्याच दिवशी ठेवू नये. मध्ये एक रात्र मोकळी असावी.