सोसेल ते लावावं

दिवाळी जवळ आली की यवतमाळात बचत गटांच्या बायांचे स्टॉल लागतात. पापड, शेवया, मसाले, लोणची असतातच. अलीकडे त्यांच्या शेजारी हाताने केलेले साबण, उटणी, फेसपॅक आणि अंगाला लावायची तेलंही दिसू लागली आहेत. या टेबलांपाशी एक प्रश्न हमखास कानावर येतो: ‘‘ताई, यानं गोरं होते काय?’’ विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी लग्नाच्या मुलीची आई. विकणारी ‘हो’ म्हणाली की लगेच पाकिटातून पैसे निघतात.

हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. त्याला कारण आहे. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच अमरावती विभागातल्या, अकोल्याच्या एका कुटुंबाची बातमी आली होती. एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा धागा गोरेपणाच्या एका क्रीमपर्यंत गेला. स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेलं ते क्रीम तिघी वापरत होत्या आणि त्यात पारा निघाला. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची क्रिया दाबतो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा वाटतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला कायद्याने बंदी आहे. ‘घरगुती’ म्हणून बिनलेबलाच्या डबीतून हातोहात विकलं जाणारं क्रीम मात्र कुणीच तपासलेलं नसतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की गोरेपणाचं आश्वासन देणारी कोणतीही हातची वस्तू घेऊ नका. विचारायचंच असेल तर हे विचारा: ही वस्तू माझ्या त्वचेला सोसेल का?

‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य आपल्याकडे तरी कुणी बोलू नये. आपल्या जंगलांत बिब्बा आहे. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहिलेत? बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी काळी पडते, फोड येतात आणि डाग राहतात. तरीही गावोगाव पायाच्या भेगांत बिब्ब्याचा चटका देणारे आहेत. दुसरं उदाहरण गाजरगवताचं. वावरात, धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला ते माजलेलं असतं आणि त्याची ॲलर्जी असणारी माणसं शेतकऱ्यांत पुष्कळ आहेत. चेहरा, मान, कोपराचे सांधे लाल होतात, खाजतात, कातडी जाड होत जाते. आता हे गवत शेवंती, सूर्यफूल, झेंडू यांच्याच कुळातलं आहे. ज्याला गाजरगवत सोसत नाही, त्याला या फुलांचा अर्क किंवा पाकळ्या घातलेला साबणही त्रास देऊ शकतो. तो साबण दिसतो फार सुंदर, वर केशरी पाकळ्या लावलेल्या असतात. पण घरात कुणाला गाजरगवताचा त्रास असेल तर तो उचलू नका. शहरातल्या कुठल्याही ब्यूटी पार्लरमध्ये हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून इथे सांगते.

आपली त्वचा ओळखणं अवघड नाही. सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुवा, टिपून घ्या, काही लावू नका आणि तासाभराने आरशात बघा. गाल ओढल्यासारखे वाटले, नाकाच्या कडेला पापुद्रे दिसले तर त्वचा कोरडी. सगळा चेहरा चमकत असेल तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चमकते आणि गाल साधे, तर मिश्र. आणि काहीही लावलं की लाली, चुरचुर, खाज, तर ती नाजूक. ती वरून कोरडी असेल किंवा तेलकटही.

पण आपल्या जिल्ह्यात एवढ्यावर भागत नाही. एकाच बाईची त्वचा डिसेंबरात एक असते आणि मे महिन्यात दुसरी. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, घामाने मान आणि पाठ घामोळ्यांनी भरते. थंडीत तीच कातडी पांढरी पडून फुटते. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. वाळल्या बोंडांची टोकं बोटांना दिवसभर टोचत असतात, पहाटेची थंडी, दुपारचं ऊन, आणि संध्याकाळी तेच हात राखेत आणि भांड्यांच्या साबणात. त्वचेच्या काळजीवर लिहिताना आपण चेहऱ्यावरच अडतो. माझ्या मते यवतमाळ जिल्ह्यात या विषयाची सुरुवात हातापायांपासून व्हायला हवी.

त्या हातांसाठी सगळ्यात उपयोगी हातची वस्तू आहे तेल आणि मेणाचा साधा मलम. तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल मंद आचेवर गरम करायचं, त्यात अंदाजे चौथा हिस्सा मधमाशीचं शुद्ध मेण विरघळवायचं आणि गार करायचं. पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे तो लवकर नासत नाही. रात्री हातपाय धुऊन, ओलसर असतानाच लावायचा, म्हणजे आतला ओलावा टिकतो. कोकणात भेगांना कोकमाचं तेल लावतात. आपल्याकडे केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत मोहाच्या बियांचं तेल आहे. कोलाम आणि गोंड घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लावलं जातं. ते थंडीत लोण्यासारखं थिजतं आणि अंगाच्या उबेने विरघळतं. असं तेल दारात असताना आपल्या स्टॉलवर परदेशी नावाचे बटर विकले जातात, याचं मला वाईट वाटतं. मोहाच्या तेलाचा चांगला गाळलेला, नीट नाव लिहिलेला मलम आपल्या गटांनी करावा. मधुमेह असलेल्यांनी मात्र पायाच्या खोल भेगेवर घरचे प्रयोग करू नयेत, सरळ डॉक्टरांना दाखवावं.

आता साबण. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळलं की रासायनिक क्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. कारखान्यात हे ग्लिसरीन बहुधा वेगळं काढतात, हातच्या साबणात ते राहतं. जाणकार बाई तेल हिशोबापेक्षा थोडं जास्त धरते, म्हणजे कॉस्टिक शिल्लक राहत नाही आणि थोडं तेल साबणात उरतं. मग वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकवाव्या लागतात, तेव्हा साबण कडक आणि सौम्य होतो. दिवाळीच्या आठ दिवस आधी ओतून दिवाळीला विकलेला असा साबण कच्चा असतो.

बऱ्याच स्टॉलवरचा साबण मात्र या पद्धतीचा नसतो. तयार सोप बेस विकत आणायचा, वितळवायचा, रंग-वास घालायचा आणि साच्यात ओतायचा. यात गैर काही नाही, गटाला ते सोपं आणि कॉस्टिकच्या धोक्याविना जमतं. पण मग त्या साबणाचा स्वभाव बेस ठरवतो. त्यात टाकलेली चिमूटभर हळद, केशराच्या दोन काड्या किंवा कडुनिंबाची पूड यांना फारसं काम उरत नाही. साबण अंगावर अर्धा मिनिट राहतो आणि धुतला जातो. पाटीवर लिहिलेल्या वनस्पतीपेक्षा आत तेल कोणतं आहे, हे महत्त्वाचं. नुसत्या खोबऱ्याच्या तेलाचा साबण फेस छान देतो, मळ जोरात काढतो आणि कोरड्या कातडीला आणखी कोरडं करतो. तेलकट त्वचेला, घामाच्या दिवसांत तो चालतो. कोरड्या त्वचेने तीळ, एरंडी किंवा इतर तेलं मिसळलेला, जास्त तेल ठेवलेला साबण घ्यावा. कोळशाचा आणि कडुनिंबाचा साबण कोरड्या त्वचेने टाळावा. नाजूक त्वचेने वास आणि रंग नसलेला, शक्य तितका फिका साबण शोधावा.

आणि एक गोष्ट हातच्या वस्तूंवर प्रेम असूनही सांगितली पाहिजे. खरा साबण, घरचा असो की कारखान्याचा, अल्कधर्मीच असतो. त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात जातो, त्वचेचा पाचच्या आसपास असतो. ज्यांना इसब आहे किंवा चेहरा सतत लाल होतो, त्यांनी तोंडाला दुकानातला बिनवासाचा सौम्य क्लेन्झर वापरलेला बरा. तिथे हातच्या साबणाचा हट्ट नको.

त्यात आपलं बोअरचं पाणी. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत ते जड आहे. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा पांढरा थर तयार होतो. बादलीला बसतो तसा तो कातडीवरही बसतो. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरात शाळकरी मुलांची पाहणी झाली होती. ती १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि जड पाण्याच्या भागात इसबाचं प्रमाण जास्त आढळलं. पुढे २०११ च्या चाचणीत पाणी हलकं करणारं यंत्र बसवून इसबाला फायदा दिसला नाही, म्हणजे सगळा दोष पाण्यावर टाकता येणार नाही. तरी जड पाण्याच्या गावात साबण कमी लावावा, नीट धुवावा, हे खरं. रिठ्याचा फेस जड पाण्यातही थर धरत नाही. आपल्या आज्या रिठे-शिकेकाई आणि बेसन वापरत, ते अशा पाण्यात उपयोगी होतं. फक्त रिठा डोळ्यांत जाऊ देऊ नका.

उटण्याबद्दल थोडक्यात. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल असं कोरडं वस्त्रगाळ उटणं ही मला सगळ्यात विश्वासाची हातची वस्तू वाटते, कारण त्यात ओलावा नसतो. तेलकट त्वचेने ते गुलाबपाण्यात किंवा ताकात कालवावं, कोरड्या त्वचेने सायीत. नाजूक त्वचेने संत्र्याची साल आणि जास्त वासाची उटणी टाळावीत. पुटकुळ्या असताना भरड उटण्याने घासू नका, त्या वाढतात. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला बरी, पण ती तडकेपर्यंत ठेवायची नाही, ओलसर असतानाच धुवायची. आणि लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून आपल्या उन्हात बाहेर पडणं तर सोडूनच द्या. रस आणि ऊन मिळून कातडी भाजते, काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

कोरफडीचा ताजा गर, दुधाची क्रीम, गुलाबपाण्याचं जेल अशा ओल्या वस्तू टिकवणारा घटक न घालता विकल्या जातात आणि ‘केमिकल नाही’ अशी पाटी लावतात. पाणी आलं की जंतू आले. अशी वस्तू घरी करून फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा, स्टॉलवरून आणून महिनाभर वापरू नका.

गजकर्ण, नायटा यांवर तर हातचा कोणताच साबण नको आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टेरॉइडचं क्रीमही नको. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. पिकांवरच्या फवारणीच्या दिवसांतही त्रास वाटला की रुग्णालयच गाठा. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, शेकडो रुग्णालयात पोचली. औषध श्वासातून जातं तसं कातडीतूनही जातं, आणि भेगाळलेल्या कातडीतून अधिक. ते अंगावर उडालं की भरपूर पाणी आणि कुठलाही साधा साबण ताबडतोब वापरायचा.

करणाऱ्या बायांनाही दोन शब्द. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो आणि लेबलवर नाव, पत्ता, बॅच, तारखा, घटक लिहावे लागतात. हे ओझं वाटेल. पण नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली घरातून विकोची सुरुवात केली, आणि त्यांच्या वस्तू प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, या प्रश्नावर त्यांच्या कंपनीला अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात लढावं लागलं. मोठं व्हायचं तर कागद चोख हवा. बचत गटांसोबत काम करणाऱ्या ‘उमेद’ आणि ‘माविम’च्या अधिकाऱ्यांनी गटांना साबणाच्या प्रशिक्षणाबरोबर परवान्याचा अर्जही भरून द्यावा, अशी माझी विनंती आहे. मोबाइलवर पाहून साबण ओतायला शिकता येतो, पण अर्ज भरताना कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

घेणाऱ्यांनी नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावी. साबण असेल तर लावून धुवावा. काही उठलं नाही तरच चेहऱ्याकडे न्यावी. हातच्या वस्तूचा मोठा फायदा हा की करणारी तुमच्यासमोर उभी असते. कारखान्याच्या साबणाला तुम्ही काही विचारू शकत नाही, तिला विचारू शकता. तेल कोणतं? बेस विकतचा की स्वतःचा? कधी ओतला? वास कशाचा? जी मनापासून काम करते ती आनंदाने आणि सविस्तर सांगते, तिच्याकडून चार रुपये जास्त देऊन घ्या. उत्तर आलं नाही, तर वस्तू जागेवर ठेवा आणि पुढच्या टेबलाकडे जा.