दर्यातील पहारा

त्सुनामी ही पूर्व किनाऱ्याची आपत्ती, आपल्या अरबी समुद्रास तिचे भय नाही, असा एक सोयीस्कर समज आपल्याकडे रूढ आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकराण किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी त्याच्या लाटा मुंबईस येऊन थडकल्या, माणसे दगावली. ते पाहिलेली पिढी आता सरत आली आहे. मकराणचा सागरतळ मात्र होता तेथेच आहे.

भूकंपमापक धक्का सांगतो. पाणी उसळले की नाही, हे त्यास सांगता येत नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, किनारे रिकामे करण्याची धावपळ उडाली, आणि मोठी लाट आलीच नाही. खरे उत्तर खोल समुद्रातच मिळते. चार किलोमीटर खोल पाण्यात ही लाट ताशी सातशे किलोमीटरच्या वेगाने धावते, पण उंचीने इतकी बेताची, की वरच्या तांडेलास तिचा पत्ताही लागू नये. तळाशी ठेवलेले दाबमापक यंत्र मात्र पाण्यातील सेंटिमीटरभर वाढही टिपते, ध्वनिसंकेताने वरच्या बोयास कळविते, आणि बोया उपग्रहामार्फत हैदराबादच्या इशारा केंद्रास. २००४ च्या संहारानंतर, ऑक्टोबर २००७ मध्ये, हे केंद्र सुरू झाले. अरबी समुद्रातही असे बोये ठेवण्यात आले.

दुखणे पुढेच आहे. तरंगत्या वस्तूखाली मासळी जमते, हे दर्यावर्दी माणसास कोणी शिकवावे लागत नाही. होड्या बोयास बांधल्या जातात, भोवती जाळी पडतात. दोर तुटतात, सौर तबकड्या नाहीशा होतात. ही तक्रार जगभरची आहे. बोया मुका झाला, की तळचे यंत्र जागे असूनही त्याचा निरोप किनाऱ्यास पोचत नाही. दुरुस्तीस जहाज धाडावे लागते, आणि पावसाळ्यात तर खवळलेल्या दर्यात तेही दुष्कर.

याचा सारा दोष मच्छीमारांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहणारा माणूस जाणूनबुजून स्वतःच्या वाड्याचा पहारेकरी मारणार नाही. तो पिवळा बोया कशासाठी आहे, हे इंग्रजी परिपत्रकातून त्यास कळावयाचे नाही. मोडलेल्या बोयाची वर्दी देणाऱ्या तांडेलास शासनाने बक्षीस द्यावे, आणि मच्छीमार सहकारी संस्थांना या कामात बरोबरीने घ्यावे. जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली असते, तांडेल घरी असतो. वेसाव्यापासून मालवणपर्यंत कोळीवाड्यांत जाऊन हे सांगण्यास याहून बरा काळ कोणता?