एक मंडप, दोन निकाल

सभेला लोटलेली गर्दी म्हणजेच निकाल, असे ज्यांना वाटते त्यांनी १५ मे २०२४ ही तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी कल्याणला आले. सभा एक, भाषण एक, गर्दी एक. उमेदवार मात्र दोन: कल्याणचे डॉ. श्रीकांत शिंदे आणि भिवंडीचे कपिल पाटील. मतदान पाच दिवसांवर आले होते. गर्दी दोघांच्याही खात्यावर जमा झाली.

४ जूनला शिंदे २ लाख ९ हजार मतांनी निवडून आले. पाटील ६६ हजार मतांनी पडले. दोनदा खासदार झालेले, केंद्रात राज्यमंत्री असलेले पाटील.

त्यातही एक गंमत आहे. सभा झाली कल्याण पश्चिमेत, आणि कल्याण पश्चिम लोकसभेला कल्याणात नाही, भिवंडीत मोडते. ज्यांच्या अंगणात मंडप पडला ते हरले. शेजारून आले ते जिंकले.

भिवंडीच्या पराभवाची कारणे नंतर सगळ्यांनाच सुचली. सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्या मामा यांच्यामागे एकवटलेली मते, अपक्ष निलेश सांबरे यांनी घेतलेली २ लाख ३० हजारांवर मते, मुरबाडकडची पक्षांतर्गत कुरबुर. कारणे खरीच होती. पण यांतले एकही त्या दिवशी मंडपात येऊन बसले नव्हते. सभेला येतात ते दिसतात. न येणाऱ्यांच्या मनात काय आहे, ते भरलेल्या खुर्च्या सांगत नाहीत.

त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची आणखी एक सभा झाली. तिथेही उमेदवार दोन, दिंडोरीच्या भारती पवार आणि नाशिकचे हेमंत गोडसे. भाषण चालू असताना गर्दीतून एक तरुण ओरडला, कांद्यावर बोला. घोषणांत त्याचा आवाज बुडाला. तो कोणाचा माणूस, यावर मग चर्चा झाली. निकालात भारती पवार १ लाख १३ हजारांनी गेल्या, गोडसे १ लाख ६२ हजारांनी. त्या संध्याकाळी घाटकोपरला रोड शो होता. रस्ते बंद, मेट्रोचा एक टप्पाही बंद. ईशान्य मुंबईची जागाही गेली. एका दिवसात तीन ठिकाणी गर्दी जमली, आणि ज्या पाच जागांसाठी ती जमली त्यांत एकच हाती लागली. पिंपळगावात निकालाच्या सर्वांत जवळ कोणी पोचले असेल, तर तो एकटा ओरडणारा तरुण.

मग गर्दी सांगते तरी काय? ते पाहायचे तर मैदानावर जाऊ नये, शीळफाट्यावर उभे राहावे. मोठ्या सभेच्या दिवशी मुंब्रा, पनवेल आणि महापे या तिन्ही बाजूंनी बसगाड्या येतात आणि कल्याणच्या दिशेला वळतात. पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला: चिन्ह, गावाचे किंवा प्रभागाचे नाव, गाडी क्रमांक. दाराशी शाखाप्रमुखाचा माणूस, हातात यादी. कोणाच्या किती गाड्या आल्या, याची नोंद पक्षात काटेकोर होते. पुढच्या निवडणुकीत तिकीट मागताना ती उपयोगी पडते. बसमध्ये बसलेला माणूस मत कोणाला देणार, किंवा त्याचे मत या मतदारसंघात आहे तरी का, याची नोंद कोणी करत नाही. तसा रकानाच नसतो.

म्हणजे गर्दी खोटी नसते. ती गाड्या करणाऱ्याची ताकद दाखवते: पैसा, माणसे, परवानग्या, पोलिसांशी असलेला संबंध. सत्तेत असलेल्याला हे सगळे सोपे जाते. एवढे वाचायचे असेल तर जरूर वाचावे. त्यापलीकडे ती काही सांगत नाही.

आता आकड्यांकडे. ‘लाखाची सभा’ हे आपल्याकडे मोजमाप राहिलेले नाही, ते विशेषण झाले आहे. जरा हिशेब करून पाहू. एका बसमध्ये ५० माणसे. लाख माणसांना २,००० बस लागतील. बस ११ मीटर लांब धरली आणि एकीला एक चिकटवून उभी केली, तर रांग २२ किलोमीटरची होते. भिवंडी-कल्याण-शीळफाटा हा अख्खा रस्ता २१ किलोमीटरचा आहे. निम्मी माणसे लोकलने आणि पायी आली असे मानले, तरी भिवंडीच्या टोकापासून निम्म्या रस्त्यावर बसला बस लागेल. शीळफाट्याच्या कोंडीत रोज दोन तास घालवणाऱ्याला असा दिवस आठवतो का, ते त्यालाच विचारावे. मैदानाचे गणितही असेच आहे. एका एकरात खुर्च्या मांडल्या तर फार तर सात हजार माणसे बसतात. बातमीत गर्दीचा आकडा देणाऱ्यांनी शेजारी मैदानाचे क्षेत्रफळ छापले, तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

खुर्च्या मोजणारे एक खाते आहे, आणि पक्षांना ते मुळीच आवडत नाही. निवडणूक आयोगाची पथके सभेचे चित्रीकरण करतात. खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, गाड्या यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी आधीच ठरवलेले असतात. त्या दराने सभेचा खर्च उमेदवाराच्या नावे पडतो. लोकसभेच्या उमेदवाराला मर्यादा ९५ लाखांची. साहजिकच व्यासपीठावरून गर्दी फुगवायची घाई असते आणि हिशेबाच्या वहीत खुर्च्या कमी दाखवायची. स्टार प्रचारकाच्या मंचावर दोन उमेदवार बसले तर सभेचा खर्च दोघांत वाटला जातो. खर्चाची अशी वाटणी होते. मतांची झाली नाही.

हे एकाच पक्षाचे दुखणे नाही. सत्ता आणि गाड्या हाताशी नसताना मैदान भरवण्याचा विक्रम या पट्ट्यात राज ठाकरे यांच्या नावावर आहे. त्यांच्या सभेला लोक आपल्या पायांनी येतात, हे विरोधकही मान्य करतील. २०२४ च्या विधानसभा प्रचाराची सुरुवात त्यांनी ४ नोव्हेंबरला डोंबिवलीतून केली. उमेदवार कल्याण ग्रामीणचे राजू पाटील, २०१९ मध्ये निवडून आलेले मनसेचे एकमेव आमदार. निकालात पाटील ६६ हजारांहून अधिक मतांनी पडले. पक्षाला राज्यात एकही जागा मिळाली नाही. मग ‘गर्दी होती, मते गेली कुठे’ हा प्रश्न आला आणि संशय यंत्रावर गेला. यंत्राची तपासणी जरूर मागावी, तो हक्क आहे. पण मैदानातली गर्दी हा त्यासाठी पुरावा होत नाही. भाषण ऐकायला आवडणे आणि आमदार म्हणून कोणी हवा असणे, या दोन गोष्टी इथला मतदार कधीच वेगळ्या करून बसला आहे. भाड्याच्या गर्दीने नेते फसत नाहीत, कारण भाडे त्यांनीच दिलेले असते. ते फसतात ते मनापासून आलेल्या गर्दीने.

आणि मैदानात कधीच न दिसणारा एक जमाव या भागात आहे. २० मे २०२४ रोजी कल्याण लोकसभा मतदारसंघात मतदार २० लाख ८० हजारांवर होते. मतदान झाले जेमतेम ५० टक्के. काहींची नावे यादीत सापडली नाहीत, काही उन्हाला कंटाळले, काहींना कोणीच नको होते. निवडून आलेल्या उमेदवाराला मिळाली ५ लाख ९० हजारांच्या आत मते. मतदान न केलेले होते १० लाखांवर.