केनियातील ‘संधी’ कोणाची?

रायपूरच्या भनपुरी औद्योगिक वसाहतीत, रोलिंग मिलच्या भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कामगाराला आज एक नवे स्वप्न विकले जात आहे. पूर्व आफ्रिकेत, विशेषतः केनियात, भारतीय उद्योगाला अमाप संधी आहे. तेथे मजूर स्वस्त आहेत, मोंबासाचे बंदर आहे. ‘आपले’ उद्योगपती तेथे पोचले की देशाची आणि पर्यायाने तुमचीही भरभराट होईल, असा हा प्रचार आहे. त्याची शहानिशा केलीच पाहिजे.

केनियाचा गळा कर्जाने आवळला आहे. जुने रोखे फेडण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या सरकारला १५० कोटी डॉलरचे नवे रोखे विकावे लागले, जुन्यांवर ६.८७५ टक्के व्याज होते, नव्यांचा परतावा १० टक्क्यांवर गेला. सावकाराची भूक भागवायची कोणी? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे उत्तर ठरलेले असते : जनतेने. जुलै २०२३ मध्ये इंधनावरील मूल्यवर्धित कर ८ वरून १६ टक्के झाला. २०२४ च्या वित्त विधेयकात तर पावावरही कर सुचवला गेला. तरुण रस्त्यावर उतरले. २५ जून रोजी ते संसदेत घुसले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, अनेकांचे प्राण गेले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांना विधेयक मागे घेणे भाग पडले.

अशा कर्जबाजारी घरात शिरण्यालाच भांडवलदार ‘संधी’ म्हणतात! नैरोबीचा विमानतळ ३० वर्षे चालवायला घेण्याचा प्रस्ताव अदानी समूहाने दिला होता. ११ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळ कामगारांनी त्याविरुद्ध संप केला. तरीही ऑक्टोबरमध्ये वीजवाहिन्यांचा ७३.६ कोटी डॉलरचा करार त्याच समूहाशी झाला. अमेरिकेत लाचखोरीचे आरोपपत्र दाखल होताच २१ नोव्हेंबर रोजी रुटो यांनी दोन्ही व्यवहार रद्द केले. समूहाने आरोप फेटाळले आहेत. परंतु निव्वळ परदेशी आरोपपत्राने हे घडले असे मानणारे, जूनमधील रक्त आणि सप्टेंबरमधील संप सोयीस्करपणे विसरतात.

यात भारताचे नुकसान झाले म्हणे! कोणत्या भारताचे? रायपूर जिल्ह्यातील रायखेड्याचा १३७० मेगावॅटचा वीज प्रकल्प याच समूहाने २०१९ मध्ये घेतला. हसदेवच्या अरण्यातील कोळसाही हाच समूह उपसतो. कोळशाच्या या माहेरघरी, जुलै २०२४ च्या अखेरीस, वीजदरवाढ परवडत नाही म्हणून छत्तीसगडच्या लहान पोलाद कारखान्यांच्या मालकांनी उत्पादन थांबवले. मालकांनी आपला हिशेब मांडून भट्ट्या विझवल्या. रोजंदारीच्या मजुराची चूल मात्र विनाहिशेब विझली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू करून केंद्र सरकारने कामगारांचे संपाचे हत्यारही बोथट केले. नैरोबीत करवाढ, रायपुरात दरवाढ. नफा मात्र दोन्हीकडे एकाच वर्गाचा.

दोन देशांतील व्यापाराला आमचा विरोध नाही. समानतेने चाललेला व्यापार दोन्ही जनतांच्या हिताचाच असतो. परंतु कर्जाच्या फासाचा फायदा घेऊन सार्वजनिक मालमत्ता ३० वर्षांसाठी गिळणे याला व्यापार म्हणत नाहीत. आणि त्या लुटीला तिरंग्यात गुंडाळून तिच्यासाठी भनपुरीच्या कामगाराकडून टाळ्या मागणे, ही तर शुद्ध फसवणूक होय.

केनियात भारतीयांचा दुसरा वारसाही आहे. तेथील कामगार संघटनांचा पाया घालणारे मखन सिंग यांना ब्रिटिशांनी १९५० पासून अकरा वर्षे डांबून ठेवले. गोमंतकीय वंशाचे पिओ गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झगडले. स्वतंत्र केनियातही ते समाजवादासाठी बोलत राहिले आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची हत्या झाली. तिजोरीचे नव्हे, हे तुरुंगाचे आणि रक्ताचे नाते आपले आहे.

म्हणून विमानतळाच्या दारात संपावर बसलेला नैरोबीचा कामगार हाच भनपुरीच्या कामगाराचा खरा भाऊबंद होय. हे सत्य प्रत्येक भट्टीपर्यंत, प्रत्येक वस्तीपर्यंत पोचवणे हे आपल्या शाखांचे आजचे कर्तव्य आहे.