पंचाला लाथ मारून झाली, आता गुणपत्रक मागा

पोस्ट लांब आहे, सवड काढून वाचा. अर्धी वाचून भांडायला येणाऱ्यांना उत्तर देणार नाही, आधीच सांगतो.

२ फेब्रुवारीच्या रविवारी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गादी गटात पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केलं, असा निर्णय पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ पाहा. मग पंचाची कॉलर धरली गेली, लाथ बसली. पुढे फायनलला महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून वेळ संपायच्या आधीच उतरला. गदा आणि थार मोहोळला, राक्षे आणि गायकवाडवर तीन वर्षांची बंदी.

खरा तमाशा त्यानंतर सुरू झाला, आणि तो आपल्याकडे झाला. पैलवान नांदेडचा, सोलापूरचा, पुण्याचा. अमरावती-अकोल्याचा त्यात कोणीच नाही. तरी आठवडाभर ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर एकच. "थ्या पंचानं किती पैशे खाल्ले असतीन?" "एक लाथ कमी पडली भाऊ." अकोल्यात चहाच्या टपरीवर एक गृहस्थ मला अर्धा तास समजावत होते की सगळं कसं वरून ठरलेलं होतं. मी त्यांना एवढंच विचारलं, चितपट द्यायला एकट्या पंचाचं चालतं काय? त्यांना माहीत नव्हतं. चालत नाही. दुसऱ्या पंचाची नाहीतर मॅट चेअरमनची मान्यता लागते. म्हणजे शिव्या एकाला पडल्या आणि सही दुसऱ्याचीही होती. तो दुसरा कोण, त्यानं काय पाहून मान डोलावली, हे कोणी विचारलं? एका माजी महाराष्ट्र केसरीनं तर पंचाला गोळ्या घालायची भाषा केली, त्यालाही आपल्याकडे टाळ्या पडल्या.

बरं, हे पहिल्यांदा झालं असंही नाही. जानेवारी २०२३ आठवा. पुण्यात कोथरूडला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडची कुस्ती, बाहेरची टांग, चार गुण. अख्खा महाराष्ट्र पंच झाला होता. पंचाला फोनवर धमकी गेली, पोलिसांत तक्रार झाली. झालं काय त्याचं? त्याच वर्षी नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, फुलगावला सिकंदर आणि धाराशिवला राक्षे. परिषद वेगळी, संघ वेगळा, गदा वेगळी. जे लोक जानेवारीत न्याय न्याय करत होते ते नोव्हेंबरात हार घालून फोटो काढत होते. दोन वर्षांनी पुन्हा तेच मैदान, तोच वाद, आणि पंचाच्या आईबहिणीवरून त्याच शिव्या.

माझं म्हणणं असं की आपला राग खोटा नाही, तो फुकट जातो. आपण माणसाला शिव्या देतो, पण कागद मागत नाही.

कागद मागितल्यानं काय होतं ते सांगायला तुम्हाला थोडं लांब नेतो, बर्फावर. फिगर स्केटिंग. अकोल्याच्या माणसाला बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, मान्य. पण हा खेळ आपल्या मल्लखांबाचा चुलतभाऊ आहे. समोर प्रतिस्पर्धी नाही, घड्याळावर निकाल नाही. एकटं पोरगं येऊन आपली कसरत करतं आणि बाजूला बसलेली माणसं गुण देतात. म्हणजे भांडणाची सगळी सोय.

तिथं मोठा राडा झाला २००२ साली, सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकात. जोडीच्या स्पर्धेत रशियाला सोनं मिळालं, कॅनडाला चांदी. प्रेक्षक खवळले. मग फ्रान्सच्या पंच बाई बोलून गेल्या की आपल्यावर आपल्याच संघटनेचा दबाव होता. नंतर त्यांनी शब्द फिरवला, पण तोवर बोभाटा झाला होता. कॅनडाच्या जोडीलाही सोनं द्यावं लागलं. आणि बंदी कोणावर? त्या बाईंवर आणि फ्रेंच संघटनेच्या अध्यक्षावर. तीन वर्षं. आपल्याकडेही तीनच वर्षं, पण पैलवानांवर. पैलवानानं लाथ मारली, शिक्षा व्हायलाच पाहिजे होती, त्यात वाद नाही. पण त्या निर्णयाचा हिशेब कोणी द्यायचा?

त्या राड्यानंतर तिथं सहापैकी गुण द्यायची जुनी पद्धतच मोडीत निघाली. २००४ पासून प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली किंमत आली. पंचांनी ती सफाईनुसार वाढवायची नाहीतर कापायची, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी देणारा पंच सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. हा सगळा तक्ता छापून लोकांसमोर. पहिली काही वर्षं कोणत्या पंचानं किती दिले ते झाकून ठेवत. त्यावरूनही ओरड झाली, आणि २०१६ मध्ये तेही उघडं करावं लागलं.

तक्ता हातात असला की भांडण कसं बदलतं पाहा. २०१० ला व्हँकुव्हरला पुरुषांच्या स्पर्धेत अमेरिकेचा इव्हान लायसाचेक जिंकला, रशियाचा येवगेनी प्लुशेंको दुसरा. २५७.६७ आणि २५६.३६, दीड गुणाचाही फरक नाही. प्लुशेंकोनं हवेत चार फेऱ्यांची उडी मारली होती, लायसाचेकनं एकही नाही. रशियात संताप. पुतिन तेव्हा पंतप्रधान होते. तुझी चांदी सोन्याच्या तोलाची आहे, अशी तार त्यांनी प्लुशेंकोला केली. (पुढारी सगळीकडे सारखेच, खेळ संपला की स्टेजवर हजर.) पण चाहते तक्ता घेऊन बसले. उत्तरार्धात, पाय थकल्यावर मारलेल्या उडीला तेव्हा दहा टक्के जास्त मिळत. लायसाचेकनं जास्त उड्या तिकडे ठेवल्या होत्या. चार फेऱ्यांच्या उडीला एवढीच किंमत काय म्हणून, असं भांडण पेटलं, आणि ते नियमाशी होतं. पुढे त्या उड्यांची किंमत वाढलीही.

तिथं सगळे धुतल्या तांदळाचे झाले असं मी म्हणत नाही. शिवीगाळ तिथंही आहे, २०१४ च्या सोचीच्या निकालावरून लाखो लोकांनी तक्रारीवर सह्या केल्या. पण जपानच्या युझुरू हान्यूचे चाहते पाहा. त्याची कसरत संपली की बर्फावर अस्वलाच्या खेळण्यांचा पाऊस पाडणारी ही मंडळी. २०२२ ला बीजिंगला तो साडेचार फेऱ्यांची उडी मारायला गेला, पडला, चौथा आला. पडला हे त्यांनाही दिसत होतं. तरी त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं, कारण तो काय करायला गेला होता हे त्यांना कळत होतं.

आता या घरी.

अमरावतीला हे सांगायची गरज पडावी हेच मला लागतं. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथली पोरं बोटीनं जर्मनीला जाऊन आपले खेळ दाखवून आली, मल्लखांब त्यातलाच. आज मल्लखांब खेलो इंडियात आहे, राष्ट्रीय स्पर्धांत आहे. या शहरात पुरलेला आणि दोरीचा मल्लखांब पाहत वाढलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. पण मल्लखांबाच्या स्पर्धेला प्रेक्षक किती? पालक, कोच, दोन रिकामी पोरं आणि मी. गुण कसे पडतात हे पालकालाही माहीत नसतं. फळ्यावर शेवटचा आकडा लागतो, तोही दशांशात, आणि खाली नंबर. अवघडपणाचे किती, सफाईचे किती, उतरताना पाय हलला त्याचे किती कापले, काही नाही.

काही वर्षांपूर्वीची एक जिल्हा स्पर्धा. गाव आणि आयोजक सांगत नाही. दर्यापूरकडचा एक शेतकरी बाप पोराला घेऊन पहाटेच्या एसटीनं आला होता. पोरगं काही दशांशानं मागे राहिलं. बाप टेबलाजवळ गेला, अगदी हात जोडून, "साहेब, कुठं कापले थे सांगा न जी." टेबलावरून उत्तर आलं, पंचांचा निर्णय अंतिम. संपलं. त्याच टेबलामागे बसलेल्या एका पंचाच्या स्वतःच्या क्लबची पोरं त्याच गटात उतरली होती. त्यानं पक्षपात केला असं मी म्हणत नाही, केला की नाही हे कळायला मार्गच नव्हता. पोरगं मला बाहेर म्हणालं, "काका, कुठं चुकलो थे सांगतलं असतं तं सुधरवलं असतं."

हे काही दशांश म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते काय? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस मार्क आहेत. जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य, आणि राज्याच्या प्रमाणपत्रावर पोलीस भरती. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला खाकी मिळायचा जो एखादा रस्ता आहे तो त्या फळ्यावरून जातो. आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणं राज्यात उघड झालीच आहेत. गुणांचा कागद बाहेर येत नाही तोवर हा बाजार बंद होणार नाही. खऱ्या खेळाडूच्या हातातही तेवढंच प्रमाणपत्र, आणि विकत घेणाऱ्याच्या हातातही तेवढंच.

आयोजकांचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. "कागद दिला तर प्रत्येक पालक भांडायला येईल." येऊ दे ना. येऊन म्हणेल, या उतरणीला तीन दशांश काऊन कापले? पंच सांगेल, पाय सुटला म्हणून. पालक मान्य करेल नाहीतर मोबाईलचा व्हिडिओ दाखवेल. हे भांडण आजच्यापेक्षा बरं की वाईट? आज तो भांडत नाही, घरी जाऊन पोराला म्हणतो, आपली ओळख नाही बापा, सोड. पोरगं सोडते. मल्लखांबही सोडते.

दुसरं उत्तर पैशाचं. एका कसरतीचा एक कागद, त्यावर प्रत्येक पंचाचे आकडे आणि सही. झेरॉक्सला दोन रुपये. प्रमुख पाहुण्यांची शाल याहून महाग असते, आणि शाली आपण दहा वाटतो. कुस्तीत तर व्हिडिओ पाहायची सोय आधीपासून आहे, चॅलेंज आहे. अहिल्यानगरात एवढी गर्दी, एवढे कॅमेरे. ज्या व्हिडिओवर निर्णय उभा आहे तो तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवा, आणि दोन ओळींचं कारण माईकवर सांगा. एवढ्यानं लाथ टळली असती की नाही सांगता येत नाही. पण आठवडाभर लोक खांदे टेकले की नाही यावर जुगार खेळत बसले नसते.

आमच्या धंद्यातल्या मित्रांनाही दोन शब्द. "अन्यायाचा बळी" असा मथळा टाकायला दोन मिनिटं लागतात. नियमाचं पुस्तक उघडायला अर्धा तास. आयोजकांची प्रेसनोट जशीच्या तशी छापायची आणि वाद झाला की पैलवानाच्या बाजूनं अश्रू ढाळायचे, हे दोन्ही एकाच पानावर चालतं. चालवा, पण मग चाहत्यांना नावं ठेवू नका. त्यांना नियम सांगितला कोणी?

आणि चाहत्यांनो, तुम्हालाही सुटका नाही. मल्लखांबाच्या स्पर्धेला या. फुकट असते, खुर्च्या रिकाम्या असतात. पोरगं खांबाच्या टोकावर एका हातावर उभं राहिलं की टाळी वाजवा, आणि फळ्यावर आकडा लागला की विचारा, हा कसा आला? पंचाला नाव घेऊन, अदबीनं, जी लावून विचारा. दहा जणांनी विचारलं तर दहाव्याला उत्तर द्यावं लागते. एकानं शिवी दिली की बाकी नऊ जणांचा प्रश्न त्यांना बुडवता येतो, हे आयोजकांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

येणाऱ्या शालेय हंगामात अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांच्या मल्लखांब आणि कुस्ती स्पर्धांना मी प्रत्येक गटाचं पंचनिहाय गुणपत्रक लेखी अर्ज करून मागणार आहे. अर्जाचा नमुना दोन दिवसांत इथं टाकतो, पालकांनी उचलून वापरावा, माझं नाव टाकायची गरज नाही. कागद मिळाला तर कागद इथं टाकेन, नकार मिळाला तर तो तारखेसकट टाकेन. ज्यांच्या पोरांच्या स्पर्धा आहेत त्यांनी तारखा इनबॉक्समध्ये कळवा.