विश्लेषण : आजी सात समुद्र ओलांडून आल्या, पण गेटच्या तीन पायऱ्या आडव्या आल्या! रायगडमधल्या ज्यू वारशाची वाट सगळ्यांसाठी कधी?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या बाजूच्या एका गावात मिनी बस येऊन थांबली. बसमधून इस्रायलहून आलेली दहा-बारा माणसं उतरली. त्यात ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, व्हीलचेअरवर. लहान असताना आईबापाबरोबर गाव सोडून गेलेल्या. गावातल्या जुन्या कबरस्तानात त्यांच्या आजोबांची कबर आहे, ती बघायला आल्या होत्या.

रस्त्यापासून गेटपर्यंत खडीची पायवाट. गेटला तीन पायऱ्या आणि पुढे गुडघाभर गवत. खुर्ची खडीतच रुतली. गावातली चार पोरं धावली, "आजी, उचलून नेतो" म्हणाली. आजींनी हात जोडले. म्हणाल्या, "नको रे बाळांनो, मी इथनंच बघते." मराठी एकदम आपली, आगरी-कोळी शेजाऱ्यांत वाढलेल्या माणसाची. पंधरा मिनिटं गेटबाहेर बसल्या आणि परत गेल्या.

त्या दिवशी मी बातमी दिली नाही. द्यायची तर काय देणार, कुणी पडलं नाही की मेलं नाही. पण तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. प्रश्न फक्त पाहुण्यांचा नाही, आपलाही आहे.

हा वारसा आपल्याच मातीतला

नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. त्यांच्यापासून पुढे समाज वाढला आणि कोकणातल्या गावागावांत पसरला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं बघा : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगावकर. सगळी आपल्याच गावांची नावं.

नवगावला त्यांचं जुनं कबरस्तान आणि स्मारक आहे. अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 साली स्थापन झालेलं मागेन आबोथ सिनेगॉग आहे. रेवदंडा, पेण, पनवेल, रोह्याजवळ अष्टमी इथंही सिनेगॉग आहेत. अलिबागजवळ खंडाळे गावात 'एलियाहू हनाबीचा टापा' आहे. खडकावरच्या खुणा एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या, अशी श्रद्धा आहे. नवस बोलायला, फेडायला लोक तिथं येतात आणि पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतात. मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग 1796 चं, सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलेलं. तेही याच समाजाचे.

1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आज भारतात काही हजारच लोक उरलेत. तिकडे मात्र अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा अशा शहरांत मराठी बोलणारी घरं आहेत. गाव सोडून गेलेली पिढी आता सत्तरी-ऐंशी पार करून गेली. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला काठी लागते, कुणाला खुर्ची. गावाची ओढ सगळ्यात जास्त त्यांनाच, आणि गावात पोचायला सगळ्यात जास्त त्रासही त्यांनाच. हीच पिढी आपल्या हातातून सुटत चालली आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे समज असा की, रॅम्प फक्त सरकारी ऑफिसला लागतो. हे चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे लोक वापरतात ती सरकारी किंवा खासगी इमारत, आणि त्यात धार्मिक व सांस्कृतिक वापराच्या इमारतीही धरल्यात. म्हणजे देऊळ, मशीद, चर्च, सिनेगॉग, समाजमंदिर, सगळं आलं. नियम जून 2017 मध्ये निघाले. जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 मध्येच संपली.

मग झालं का नाही? एक कारण नियमातच होतं. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की, नियम 15 हा नुसता शिफारशीसारखा आहे, सक्ती नाही, आणि कायद्याला ते धरून नाही. सक्तीची मानकं वेगळी काढून तीन महिन्यांत नियम करा, असा आदेश कोर्टाने केंद्राला दिला. ही याचिका 2005 पासूनची. सुगमतेचा प्रश्न किती वर्षं लटकलाय ते यावरून कळतं.

दुसरं कारण गावपातळीवरचं. वाट ग्रामपंचायतीची, आवार ट्रस्टचं, मोठा रस्ता बांधकाम खात्याचा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खुर्ची मात्र वाटेतच अडकते.

"दोन-चार माणसांसाठी एवढं कशाला?"

चावडीवर हा प्रश्न हमखास येतो. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले आणि त्यातले जवळपास 69 टक्के खेड्यात राहतात. महाराष्ट्राचा आकडा 29 लाखांच्या पुढे. यात गुडघे धरलेली आपली आई नाही, की पोटुशी सूनही नाही. आपल्या ग्रामदैवताच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून खालूनच हात जोडणारी म्हातारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्या आजी परदेशातून आल्या म्हणून आपल्याला दिसल्या. घरची माणसं रोज समोर असतात, म्हणून दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप, जुनी वास्तू बिघडेल. जुन्या भिंती फोडा असं कुणीच म्हणत नाही. हलवता येणारा लोखंडी किंवा लाकडी रॅम्प ठेवता येतो, बाजूचा दरवाजा वापरता येतो. सगळीकडे सगळं होणार नाही हेही खरं. काही सिनेगॉगमध्ये प्रार्थनेची जागाच जिन्यावर असते, मुंबईतलं फोर्टचं केनेसेथ एलियाहू (1884) त्यातलंच. अनेक ठिकाणी बायकांची गॅलरी वर असते. तिथं निदान खालच्या मजल्यावर बसायची सोय आणि आधीच खरी माहिती, एवढं तरी हवं.

आणि अवघड जागा सुगम होतच नाही, असंही नाही. इस्रायलमधला मसादा किल्ला डोंगरावर आहे, तिथं केबल कार जाते. लांब कशाला, आपल्या रायगडावर 1996 पासून रोपवे आहे. रोपवे आला म्हणून गडाचं महत्त्व कमी झालं का? उलट ज्यांना पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं, त्यांनी महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं.

हिशेब साधा आहे

रॅम्पचं माप सोपं आहे : 1 फूट उंचीला 12 फूट लांबी. गेटला सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर उंची दीड फूट आणि रॅम्प 18 फूट. रुंदी चार फूट ठेवा. दरवाजा तीन फुटांचा लागतो. आपल्याकडे बरेच रॅम्प घसरगुंडीसारखे उभे बांधतात, त्यावर खुर्ची चढत नाही आणि उतरताना माणूस पडतो. तसला रॅम्प फोटोपुरता. शिवाय कोकणातला पाऊस लक्षात घ्या. गुळगुळीत लादी लावली की जुलैत शेवाळ धरलंच. सिमेंटवर आडव्या रेघा मारा, बाजूला पाइपचा कठडा द्या.

सगळ्यात जास्त अडतं ते संडासाला. कमोड, भिंतीला धरायचा दांडा, बाहेर उघडणारं दार आणि आत खुर्ची वळायला पाच फूट जागा. हे नसेल तर माणूस सकाळपासून पाणी पीत नाही. घोटभर पाण्याचाही हिशेब करून कुणी गाव बघायला येणार आहे का?

मुंबईहून येणाऱ्यालाही नीट सांगायला हवं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँचमध्ये हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो, आणि पावसाळ्यात ती सेवा बंद असते. 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो आहे, त्यात गाडी थेट बोटीत चढते. खुर्चीवाल्याला तीच बरी. शनिवार शब्बाथचा, त्या दिवशी बघायला येऊ नये. सिनेगॉगला आधी फोन करून यावं.

आपण काय करू शकतो?

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आपल्या गावात तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. विचारायला लाज कसली? ट्रस्टची माणसं आता थोडी आहेत, बरीचशी वयस्कर. आवाराचं त्यांनी बघावं, वाटेचं ग्रामपंचायतीने, आणि दोघांनी एका बैठकीत बसून ठरवावं. ग्रामसेवकांनी तेवढी तारीख लावली तरी अर्धं काम झालं.

होमस्टेवाल्यांनी तळमजल्यावरची एक खोली आणि एक संडास नीट केला तर इतर ठिकाणाहून परत जाणारं कुटुंब त्यांच्याकडे राहील. रिक्षावाल्यांनाही धंदा आहे. म्हातारं माणूस एकटं येत नाही, मागे दोन पिढ्या घेऊन येतं.

त्या आजी परत येतील की नाही, सांगता येत नाही. त्या वयात वर्षभराची खात्री कोण देणार? पण पुढची बस येणारच. तोपर्यंत त्या 18 फुटांचं काम झालं पाहिजे. आणि झालं, तर त्यावरून पहिली जाईल ती आपल्याच गावातली कुणीतरी म्हातारी.

तुमच्या गावातल्या देवळाला, शाळेला, दवाखान्याला रॅम्प आहे का? त्यावर खुर्ची खरंच चढते का? एकदा जाऊन बघा आणि आम्हाला कळवा.